क्लासडोजो मराठी शाळेत: काय ठेवावं, काय उडवावं

वर्गातल्या वर्तनाला गुण देण्यासाठीचं क्लासडोजो हे ॲप शिक्षकांना फुकट मिळतं, मुलांच्या हातात फोन लागत नाही आणि बाईंच्या किंवा सरांच्या एका स्मार्टफोनवर अख्खा वर्ग चालतो. जमेच्या बाजू म्हणाल तर पहिल्या दहा मिनिटांत दिसतात त्या एवढ्याच. २०११ साली अमेरिकेत सुरू झालेलं हे ॲप आता मराठी शाळांच्या स्टाफरूममध्येही अधूनमधून चर्चेत येतं. चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नाची असते: 'यानं पोरं शांत बसतात का?' बसतात, पंधरा दिवस. त्यापुढे काय होतं हे ॲपवर कमी आणि त्यात आपण काय भरलं यावर जास्त ठरतं. म्हणून हे परीक्षण ॲपचं आहे तितकंच त्यात भरायच्या अपेक्षांचंही आहे.

मांडणी अशी आहे. शिक्षक म्हणून खातं उघडायचं, वर्ग तयार करायचा, मुलांची नावं एकेक टाकायची किंवा यादीच चिकटवायची. प्रत्येक नावाला एक रंगीत राक्षसाचं चित्र मिळतं. मुलाच्या चौकटीवर बोट ठेवलं की वर्तनांची यादी उघडते. त्यातलं एक निवडलं की त्या मुलाच्या खात्यात गुण जमा होतो आणि 'टिंग' वाजतं. वर्तनांचे दोन कप्पे आहेत, एक शाबासकीचा आणि दुसरा 'सुधारणा हवी' असा. एका वर्तनाला किती गुण हे १ ते ५ मध्ये आपण ठरवायचं. एक मूल, निवडलेली चार मुलं किंवा सगळा वर्ग, असं कोणालाही एका झटक्यात गुण देता येतात. चुकून दिलेला गुण अहवालात जाऊन काढता येतो. वर्तनांची नावं देवनागरीत टाकता येतात, फक्त ती दोन-तीन शब्दांत बसवा, नाहीतर छोट्या पडद्यावर वाचताना त्रास होतो.

आता पहिली गडबड. ॲपमध्ये आयती वर्तनं भरून येतात: मदत करणं, कामात लक्ष, सहभाग, चिकाटी, गटकाम, मेहनत. दुसऱ्या कप्प्यात गृहपाठ नाही, मध्येच बोलणं, अनादर, तयारी नाही वगैरे. नव्वद टक्के शिक्षक हीच यादी तशीच ठेवून सुरुवात करतील, कारण ती वाचायला छान वाटते. पण 'मेहनत' म्हणजे दुसरीतल्या मुलानं नेमकं काय करायचं? बाईंना जे दिसलं त्याला बाई मेहनत म्हणणार. वहीत मान घालून बसलेली मुलगी मेहनती ठरते आणि खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात हिशेब करणारा मुलगा ठरत नाही. असा मोघम शब्द यादीत राहिला की गुण वर्तनाला न मिळता आपल्या मतालाच मिळतो.

वर्तन यादीत ठेवायचं की नाही हे तीन कसोट्या लावून ठरवा. एक, ते डोळ्यांना दिसलं किंवा कानांना ऐकू आलं पाहिजे. दोन, वर्गातल्या सगळ्यात मागे असलेल्या मुलालाही ते आज, याच तासिकेत करता आलं पाहिजे. तीन, ते घरच्या परिस्थितीवर अवलंबून नको. तिसरी कसोटी लावली की 'गृहपाठ नाही' हे पहिल्यांदा उडतं. ज्या घरात संध्याकाळी मुलीकडे धाकटं भावंड आणि चूल दोन्ही असतात, किंवा ऊसतोडीच्या हंगामात जे मूल आजीजवळ राहिलेलं असतं, तिथे गृहपाठाचा उणे गुण मुलाला न लागता घराला लागतो. नीटनेटका गणवेश, बांधलेले केस, नवी वही हे सगळं याच टोपलीत टाका.

'शांत बसणं' हे वर्तनही काढून टाकावं असं आमचं ठाम मत आहे. शांत बसल्याचे गुण मिळू लागले की जी मुलं आधीच गप्प असतात ती न बोलता श्रीमंत होतात, आणि ज्यांनी बोलायला शिकावं म्हणून आपण धडपडतो तीच बोलायची थांबतात. एकीकडे ज्ञानरचनावादाचं (मूल स्वतः करून, बोलून शिकतं या विचाराचं) प्रशिक्षण घ्यायचं, मुलं गटात चर्चा करतील असं पाठाच्या टाचणात लिहायचं आणि गुण मात्र हाताची घडी, तोंडावर बोट याला द्यायचे, हे काही जमणारं नाही.

प्राथमिक वर्गासाठी चार वर्तनं पुरतात. तासिका सुरू झाल्यावर 'वही-पेन्सिल तयार'. बोलायच्या वेळी 'हात वर, मग उत्तर', आणि यात उत्तर बरोबर असण्याची अट नाही. 'शेजाऱ्याला समजावलं', म्हणजे उत्तर नुसतं दाखवलं नाही, सांगितलं. आणि चौथं, सगळ्यात कामाचं: 'चूक स्वतः शोधली'. वजाबाकीत हातचा घ्यायला विसरलेलं मूल पुन्हा बघून खोडरबर उचलतं तो क्षण टिपायचा. पाचवीपासून पुढे 'प्रश्न विचारला' हे पाचवं जोडता येईल. यापेक्षा मोठी यादी केली तर दर वेळी योग्य चौकट शोधण्यात वेळ जातो आणि मुलांनाही लक्षात राहत नाही. सगळ्या वर्तनांना गुण एकच ठेवा, १. एकाला ५ आणि दुसऱ्याला २ असे भाव लावले की तिसरी-चौथीतली पोरं बाजारात उतरतात: 'बाई, मी दोघांना समजावलं, दहा द्या.'

स्तुतीच्या शब्दांबद्दलही इथेच सांगायला हवं, कारण बरेच शिक्षक यादीत 'हुशार' किंवा 'शाब्बास' असं काहीतरी घालतात. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली होती. काहींना 'तू हुशार आहेस' असं म्हटलं, काहींना 'तू मेहनत घेतलीस' असं. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना आपटवलं. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी दिली तेव्हा हुशार म्हटलेली मुलं आधीपेक्षा मागे पडली आणि त्यांची गोडीही कमी झाली. हुशारी ही एकदा मिळाली की जपायची वस्तू होते, आणि जपायची म्हणजे अवघड प्रश्नाला हात लावायचा नाही. ॲपमध्ये 'हुशार' अशी चौकट करणं म्हणजे हेच रोज टिंग वाजवून शिकवणं.

गंमत म्हणजे क्लासडोजोनंच २०१६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांसोबत मोजो नावाच्या हिरव्या राक्षसाची चित्रफीत मालिका काढली. चुकण्यातून मेंदू वाढतो, अवघड गोष्ट 'अजून' जमत नाही एवढंच, असा तिचा विषय. चित्रफिती छोट्या आणि बऱ्या आहेत. मराठी वर्गात आवाज बंद करून स्वतः सांगितल्या तरी चालतात. पण त्या दाखवून झाल्यावर पुढच्या तासिकेत चुकलेल्या मुलाला उणे एक दिला तर मूल राक्षसावर विश्वास ठेवेल की बाईंवर?

त्यामुळे 'सुधारणा हवी' हा कप्पा रिकामा करा. आयती वर्तनं एकेक करून काढून टाकता येतात, पाच मिनिटांचं काम आहे. कारण फक्त मानसशास्त्राचं नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध आहे. प्रोजेक्टरवर सगळ्या वर्गासमोर एका मुलाच्या नावाखाली लाल उणे पाच झळकत ठेवणं हे छडी मारणं नव्हे, पण त्या कलमापासून फार लांबही नाही. दंगा करणाऱ्या मुलाशी बोलायचं ते जवळ जाऊन, हळू आवाजात, त्याच्या नावानं. त्यासाठी ॲप लागत नाही. गुणांचा पडदा प्रोजेक्टरवर किंवा स्मार्ट टीव्हीवर लावूच नका. कोणाचे किती हे सगळ्यांना दिसलं की पहिले पाच शर्यत लावतात, शेवटचे दहा सोडून देतात, आणि मधल्यांना काहीच वाटत नाही.

आवाज हाही नकोसा पाहुणा आहे. मूकवाचन चालू असताना 'टिंग' वाजलं की तीस माना वर होतात आणि 'कोणाला मिळाला?' सुरू होतं. आवाज सेटिंगमध्ये बंद करता येतो, पहिल्याच दिवशी बंद करावा. गुण का मिळाला हे मात्र तोंडानं सांगायचं, आणि तेही ठरावीक पद्धतीनं: नाव, मग काय दिसलं. 'सायली, बेरीज परत तपासलीस.' एवढंच. 'व्वा, किती छान!' असलं काही नको. गुणाशिवाय हे वाक्य बोललं तरी त्याचं निम्मं काम होतं, आणि बोलल्याशिवाय नुसता गुण दिला तर काहीच होत नाही.

वेळेचा हिशेब करून बघा. फोन उघडणं, चौकट शोधणं, वर्तन निवडणं यात हात बसल्यावरही ५ ते ८ सेकंद जातात. ३५ मुलांना एकेक गुण द्यायचा म्हटलं तर तीन ते साडेचार मिनिटं गेली. ३५ मिनिटांच्या तासिकेत एवढा वेळ फोनकडे बघण्यात गेला तर मुलांकडे कोण बघणार? एका तासिकेत ६ ते ८ गुण, त्याहून जास्त नाही. बाकीचे लक्षात ठेवून मधल्या सुट्टीत टाकायचे असा बेत कोणी करत असेल तर करू नये. मधल्या सुट्टीत लक्षात राहतात ती नेहमीचीच नावं.

या नेहमीच्या नावांपाशीच ॲपचा खरा उपयोग सुरू होतो. क्लासडोजोत प्रत्येक मुलाचा आणि सगळ्या वर्गाचा अहवाल निघतो, दिवसाचा, आठवड्याचा, महिन्याचा. शिक्षक तो उघडून वरची नावं बघतात, पालकसभेत वाचतात. तो खालून वाचायचा असतो.

समजा पट ३२ चा आहे आणि चार आठवड्यांत एकूण २४० गुण वाटले गेले. सरासरी दर मुलाला साडेसात. आता अहवाल उघडला तर दिसतं की वरच्या ६ मुलांकडे मिळून ११८ गुण आहेत, मधल्या १७ जणांकडे १०५ आणि तळाच्या ९ जणांकडे मिळून १७. त्या सहांत वर्गमंत्री आहे, पुढच्या बाकावरच्या दोघी आहेत, एक शिक्षकाचं मूल आहे. तळाच्या नवांत कोण आहेत हे सांगायला सुरुवात केली की शिक्षक नकळत म्हणतात, 'ते जरा तसेच आहेत.' हे वाक्य ऐकू आलं की अहवालानं काम केलं असं समजावं. कारण २४० वेळा गुण देणारा हात एकाचाच होता. मुलांनी काय केलं याच्या आधी, आपण कोणाकडे पाहिलं हे त्या आकड्यांत उतरतं.

तळाची नावं तीन गटांत वेगळी करा. काही मुलं हजेरीत दिसतील: महिन्यातले नऊ दिवस नसलेल्या मुलाला गुण मिळणार कसे? तो प्रश्न वर्तनाचा नाही, गृहभेटीचा आहे. काही मुलं सगळं करतात पण गुपचूप, भिंतीकडेच्या तिसऱ्या बाकावर, ती दिसलीच नाहीत. आणि तिसरी, ज्यांच्याकडून आपण अपेक्षाच सोडून दिली आहे. नंदुरबार-धडगाव भागात घरी पावरी बोलणारं किंवा मेळघाटात कोरकू बोलणारं मूल पहिलीत प्रमाण मराठीतल्या प्रश्नाला गप्प राहतं आणि 'मंद' या खान्यात जाऊन बसतं, ते याच गटात सापडेल. अहवालाची ही यादी एकदा मुली-मुलगे अशी, एकदा बाकांच्या नकाशावर मांडून बघा. शिक्षक जिथे उभे राहतात त्या जागेपासून गुण कसे विरळ होत जातात हे कागदावर चक्क दिसतं.

अपेक्षेचा परिणाम होतो का, यावर जगभर वाद झाले आहेत. रॉबर्ट रोझेंथल आणि लिनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत साधारण पाचव्या हिश्शाइतकी मुलं निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली आणि शिक्षकांना सांगितलं की ही यंदा झेप घेतील. १९६८ साली त्यांनी निष्कर्ष मांडले: पहिली-दुसरीत त्या मुलांच्या बुद्धिमापन चाचणीत जास्त वाढ दिसली, वरच्या वर्गांत फारशी नाही. मोजमापावर पुढे भरपूर टीका झाली आणि परिणाम सांगितला गेला तेवढा मोठा नसतो हे आता बहुतेक मानतात. पण अपेक्षा वर्गात कशी झिरपते हे जास्त उपयोगाचं, आणि ते १९७० साली जेर ब्रॉफी आणि थॉमस गुड यांनी पहिलीच्या चार वर्गांत बसून टिपलं. हुशार समजलेलं मूल अडखळलं की शिक्षक प्रश्न सोपा करून पुन्हा विचारत, दुवा देत. कच्चं समजलेलं मूल अडखळलं की उत्तर सांगून मोकळे होत किंवा दुसऱ्याकडे वळत. बरोबर उत्तराला शाबासकीही त्याला कमी मिळे. मेरी बड रो यांनी प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक किती थांबतात हे घड्याळ लावून मोजलं, तर सरासरी जेमतेम एक सेकंद निघाला. तोच तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली.

यातून वर्गात करायचं काम एवढंच. सोमवारी अहवालाच्या तळातून तीन हजेरी क्रमांक घ्यायचे आणि खडूच्या डब्याच्या झाकणावर आतून पेन्सिलनं लिहायचे. खडू घ्यायला झाकण उघडलं की ते दिसतात. प्रत्येक तासिकेच्या पहिल्या दहा मिनिटांत त्या तिघांजवळून एकदा जायचं, एक प्रश्न त्यांना विचारायचा, मनात एक-दोन-तीन मोजायचं, अडलं तर उत्तर न सांगता प्रश्न फोडून विचारायचा. '४३ मधून १८ गेले' जमलं नाही तर 'तिनातून आठ जातात का?' इथे गुण दयेनं द्यायचा नाही. न केलेल्या गोष्टीचा गुण मुलाला लगेच कळतो आणि बाजूच्यालाही. चार वर्तनांपैकी एखादं खरोखर दिसेपर्यंत थांबायचं, ते दिसतंच, कारण यादी आपण त्याच्या आवाक्यातली केली आहे. शुक्रवारी झाकण पुसायचं, पुढच्या सोमवारी दुसरे तिघं. नऊ जणांना तीन आठवडे लागतात.

हे करताना आपसूक एक जोडउत्पन्न मिळतं: वर्णनात्मक नोंदी. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, त्यातल्या आकारिकच्या, म्हणजे शिकवता शिकवता करायच्या मूल्यमापनाच्या साधनतंत्रांत दैनंदिन निरीक्षण पहिलं आहे आणि सत्र संपताना तयार नोंदींची पीडीएफ एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरत असते, हे सगळ्यांना माहीत आहे. 'अभ्यासात सातत्य ठेवावे' ही नोंद एकाच वर्गात चौदा मुलांच्या प्रगतिपत्रकावर सापडते. त्याऐवजी अहवालावरून अशी नोंद होते: 'जोडीत समजावून सांगतो. वर्गासमोर हात वर करणे जूनमध्ये नव्हते, ऑगस्टमध्ये आठवड्यातून दोनदा. वजाबाकीत स्वतःची चूक शोधतो, गुणाकारात अजून नाही.' केंद्रप्रमुख वाचतील न वाचतील, पुढच्या वर्षीच्या बाईंना मात्र काहीतरी हाती लागतं.

बक्षिसांबद्दल. ५० गुणांना पेन्सिल, १०० ला खोडरबर, असं दुकान ॲपच्या जोडीनं बरेच जण उघडतात. उघडू नये. गुण साठवून वस्तू घ्यायची ही कल्पना फक्त शाळेतली नाही. टिओडोरो ॲलॉन आणि नेथन ॲझरिन यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एका मनोरुग्णालयात ती पद्धतशीर वापरली. जे काम मूल मुळीच करत नाही ते सुरू करून द्यायला ती चालते. जे काम मूल आवडीनं करतं त्यावर लावली की घोटाळा होतो. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ चा प्रयोग यासाठी लक्षात ठेवावा: चित्रं काढायला आवडणारी बालवाडीची मुलं, त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबिनीचं प्रमाणपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी रंगांचे पेन पुन्हा वर्गात मोकळे ठेवले तेव्हा या मुलांनी चित्रांना दिलेला वेळ इतरांच्या निम्म्यावर आला होता. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, आधी कबूल केलेलं नव्हतं, त्यांची गोडी कायम होती. तेव्हा गोष्टीचं पुस्तक आपणहून उचलणाऱ्या मुलीला वाचनाचे गुण देऊ नका. तिचं चाललंय ते चालू द्या.

आणि गुण देणं कधी थांबवायचं हे सुरू करतानाच ठरवा. आठ आठवड्यांचा बेत पुरे. पहिले दोन आठवडे सगळ्या तासिकांत, वर्तनाचं नाव घेऊन. तिसरा-चौथा फक्त गणित आणि भाषेत. पाचवा-सहावा एकेकट्याला न देता गटाला. सातव्या आठवड्यात दिवसाला दोन-तीन, केव्हाही. आठव्यात ॲप बंद, फक्त तोंडी वाक्य चालू. बंद करताना मुलांना सरळ सांगायचं की आता हे तुम्ही न सांगता करता म्हणून मोजायची गरज नाही. पुन्हा सुरू करायची वेळ येते ती बहुधा दिवाळीच्या सुट्टीनंतर, आणि तेव्हा दोन आठवडे पुरतात. गटाला गुण देताना एक धोका सांभाळा: एका मुलामुळे गट हरतो असं दोनदा झालं की मधल्या सुट्टीत त्याची खैर नसते. गट दर आठवड्याला बदला आणि गटाला फक्त मिळवता येईल असं ठेवा, गमावता येणार नाही.

ॲपमधली बाकी हत्यारं भराभर. टायमर चांगला आहे, 'अजून चार मिनिटं' हे ओरडण्यापेक्षा बरा. नाव निवडणारा 'रँडम' सगळ्यात कामाचा, कारण हात वर करणारे पाचच जण असतात. पण नावांच्या चिठ्ठ्या टाकलेला स्टीलचा डबा हेच काम नेटशिवाय करतो. गोंगाट मोजणारं यंत्र मजेशीर वाटतं, फोनच्या मायक्रोफोनवर चालतं, आणि पत्र्याच्या छपरावर पाऊस सुरू झाला की वर्गात सगळे मुके असले तरी काटा वर जातो. हजेरीची सोय आहे, पण हजेरीपत्रक लिहावं लागतंच, तेव्हा दुहेरी काम कशाला?

पालकांची बाजू नाजूक आहे. प्रत्येक पालकाला कोड पाठवून जोडता येतं, मग त्यांना आपल्या मुलाचे गुण दिसतात आणि शिक्षकांशी निरोप चालतात. आपल्याकडे बहुतेक घरांत एकच स्मार्टफोन असतो, तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री आठनंतर घरी येतो. त्यात दुपारी पडलेला उणे गुण रात्री उघडला गेला तर विचारपूस होत नाही, फटका बसतो. उणे कप्पा रिकामा करायचं हे आणखी एक कारण. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असताना आणखी एक ॲप उतरवून घ्यायला सांगणंही जड जातं. पालकांना न जोडता ॲप वापरता येतं, आणि आमच्या मते पहिलं सत्र तसंच वापरावं. महिन्यातून एकदा आईला किंवा आजीला सांगायचं ते एक वाक्य फोन करून सांगा: 'रोहन आता स्वतःची चूक शोधतो.' शाळेतून फोन आला आणि तक्रार नव्हती, ही गोष्ट घरात आठवडाभर पुरते.

मग कोणी घ्यावं? पट २० च्या आत असेल तर नको. हजेरी क्रमांकांचा एक आडवा-उभा तक्ता झेरॉक्स करून पॅडला लावा, चार वर्तनांचे चार रकाने, पेन्सिलनं काड्या मारा, पाचवी काडी आडवी. शनिवारी बेरीज. नेट नको, चार्जिंग नको, आणि काडी मारायला दोन सेकंद लागतात. तळाची नावं त्यातही तितकीच ठळक दिसतात. पट ३० च्या वर गेला, वर्गशिक्षक दिवसभर त्याच वर्गावर असतील आणि शाळेत नेट बरं असेल तर ॲपचा अहवाल हाताच्या बेरजेचा वेळ वाचवतो. दुसरी ते पाचवी हा त्याचा खरा टापू. आठवी-नववीत ते राक्षस पाहून मुलं हसतात, आणि विषयशिक्षकाला पाच तुकड्यांची तीनशे मुलं असतील तर हा नाद करूच नये. पाचपैकी गुण द्यायचे तर जसं मिळतं तसं ॲप दोन, छाटून-कापून वापरलं तर साडेतीन.

सुरू करण्याआधी दोन कामं राहतात. कंपनी परदेशी आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची ठरवली आहे. मुख्याध्यापकांना सांगून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवा, इतिवृत्तात नोंद घ्या, पालकांच्या सह्या घ्या. आणि यादी भरताना नाव-आडनाव टाकू नका, मुलांचे फोटो तर नाहीच. चौकटीत नुसता हजेरी क्रमांक पुरतो. पहिले चार दिवस कोण १७ आणि कोण २३ हे शोधावं लागेल, पाचव्या दिवशी हात आपोआप जातो. मे महिन्यात निकाल लागला की अहवाल छापून संचिकेत लावा आणि ॲपमधला वर्ग काढून टाका. जूनमध्ये मुलं नव्या बाईंकडे जातील तेव्हा मागच्या वर्षीचे आकडे त्यांच्या आधी पोहोचायला नकोत.